कच्च्या मडक्यांचे ॲडमिन

हौशी कुंभारांचा व्हॉट्सॲप ग्रुप म्हटला की त्याला एक काका असतात. ग्रुप पुण्याचा असो, ठाण्याचा असो की न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींचा असो. माती बदलते, काका बदलत नाहीत. ते बहुधा बँकेतून निवृत्त झालेले असतात. पहिल्या वर्षी त्यांनी योगासनं करून पाहिलेली असतात, दुसऱ्या वर्षी बोन्साय, आणि तिसऱ्या वर्षी कुणीतरी त्यांना शनिवार-रविवारच्या मातीकामाच्या शिबिराला नेतं. तिथे फिरत्या चाकावरचा गोळा पहिल्यांदा मधोमध बसतो, हाताखाली थरथरायचा थांबतो, आणि माणूस कामातून जातो. हे मी कुचेष्टेनं म्हणत नाही, तो क्षण खरोखरच तसा असतो. सामान्य माणूस त्यानंतर एक वाकडी वाटी घरी आणतो आणि तिच्यात किल्ल्या ठेवतो. काका चाक आणतात, विजेची भट्टी आणतात, तिच्यासाठी थ्री फेजचं मीटर बसवून घेतात, सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत तसा ठराव मंजूर करून घेतात, आणि एवढी जय्यत तयारी झाल्यावर ग्रुप काढतात.

आमच्या काकांनी ग्रुप काढला तेव्हा एका ग्रुपात २५६ माणसंच मावायची. ती भरल्यावर काकांनी प्रतीक्षा यादी सुरू केली. वहीत, रकाने आखून: नाव, गाव, माती कुठली, भट्टी कसली, शेरा. कुणी ग्रुप सोडला की यादीतल्या पुढच्या माणसाला फोन जायचा, ‘आपला नंबर लागलाय. आज कार्यालयीन वेळेत आत या.’ मग २०२२ साली व्हॉट्सॲपने ही मर्यादा आधी ५१२ आणि नंतर १०२४ केली. वहीतली सगळी यादी एका दुपारी आत आली. काकांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. आयुष्यभर काउंटरच्या आत बसलेल्या माणसासमोरची रांगच कुणी उचलून नेली तर दुसरं काय होणार?

रांग गेली तरी परीक्षा राहिली. तेरच्या गोरोबांनी संतमंडळींच्या डोक्यावर थापटणं मारून कोण पक्कं आणि कोण कच्चं याचा निकाल दिला, त्यात नामदेवांचं मडकं कच्चं निघालं, ही कथा काका प्रत्येक नव्या सभासदाला पाठवतात. गोरोबांनाही लोक ‘काका’च म्हणतात, याकडे ते स्वतः लक्ष वेधत नाहीत, पण कुणी वेधलं तर हरकतही घेत नाहीत. निकाल ऐकून नामदेव रुसले आणि पुढे विसोबा खेचरांना त्यांनी गुरू केलं, हा भाग काका ठळक अक्षरांत टाकतात. रुसून ग्रुप सोडलात तरी शेवटी कुठेतरी शिकायला जावंच लागेल, असा अर्थ ते या कथेतून काढतात. कथा वाचून झाली की थापटणं पडतं: ‘कोन किती?’

कोन म्हणजे भट्टीत भांड्यांशेजारी उभा करायचा बोटभर सुळका. ठरलेल्या मिश्रणाचा असतो आणि ठरलेली आच पोटात गेली की वाकतो. भट्टीवरचा काटा नुसतं तापमान सांगतो. ते तापमान भांड्याला किती वेळ मिळालं, म्हणजे भांडं खरोखर किती भाजलं गेलं, हे कोन सांगतो. जर्मनीत सेगर यांनी १८८६ साली अशा कोनांची मालिका तयार केली आणि अमेरिकेत ऑर्टन यांनी १८९६ पासून आपले कोन बनवायला सुरुवात केली. ही दोन्ही सालं काकांना स्वतःच्या लग्नाच्या सालापेक्षा पक्की पाठ आहेत. घोटाळा पुढे आहे. कोनाच्या आकड्याआधी शून्य लागलं की सगळं उलटं फिरतं. कोन शून्य सहा म्हणजे साधारण हजार अंश सेल्सिअस, आणि नुसता सहा म्हणजे बाराशेवीसच्या आसपास. ज्या माणसानं उभी नोकरी ‘डावीकडच्या शून्याला किंमत नसते’ या भरवशावर केली, त्याच्यावर उतारवयात त्याच शून्याची राखण करायची पाळी आली.

राखण करावी लागते, कारण लोक शून्य खातात. सहकारनगरच्या एका ताईंनी दिवाळीच्या तोंडावर लिहिलं, ‘लाल मातीच्या पणत्या सहावर भाजल्या. सकाळी भट्टी उघडली तर पणत्या दिसत नाहीत.’ पणत्या तिथेच होत्या. फक्त भट्टीच्या फळीवर तपकिरी थारोळं होऊन पसरल्या होत्या. काकांनी तासाभरात नियम क्रमांक एक दुरुस्त केला: ‘शून्य स्पष्ट उच्चारावे. घाई असली तरी.’

नियमांचा हा मेसेज ग्रुपच्या माथ्यावर पिन केलेला आहे आणि तो इतका लांब आहे की ‘पुढे वाचा’ दाबून दाबून अंगठा दुखतो. गुड मॉर्निंग टाकू नये. निवडणुकीबद्दल बोलू नये. नुसतं ‘सुरेख’ लिहू नये. काय सुरेख ते लिहावं, नाहीतर गप्प बसावं. भांड्याचा फोटो टाकताना माती, ग्लेझ (वरचा काचेचा लेप) आणि कोन कळवावा. बूड दाखवल्याशिवाय भांडं टाकू नये. या शेवटच्या नियमात तथ्य आहे. भांड्याचं तोंड कुणीही गोड करतं. करणाऱ्याचा हात बुडाशी कळतो. काका कुणाकडे गेले तरी कपबशी आधी उलटी करून बघतात. एकदा चहासकट केली.

‘वाबी-साबी’ हा शब्द ग्रुपवर बंद आहे. अपुरेपणातलं सौंदर्य पाहणारा तो जपानी विचार थोर आहे याबद्दल काकांना शंका नाही. पण कोथरूडपासून हडपसरपर्यंत ज्याची म्हणून वाटी कलंडली तो प्रत्येक जण खाली ‘वाबी-साबी’ लिहायला लागला, तेव्हा त्यांनी हस्तक्षेप केला. ‘जपानच्या हामादा कुंभारांनी आधी शेकड्यांनी सरळ भांडी केली,’ त्यांनी लिहिलं, ‘आपण आधी एक करू.’ हे मला पटलं होतं. पटलं नाही ते एवढंच की लिहिताना त्यांनी ‘आपण’ असं म्हटलं.

तडा गेलेल्या भांड्यावर काकांचा अभिप्राय मागितला की तो पत्राच्या मसुद्यात येतो. ‘विषय: तडा. संदर्भ: आपला कालचा फोटो. सदर भांड्याच्या बुडाशी एस आकाराची चीर दिसत असून, चाकावर असताना बूड पुरेसे दाबले न गेल्याने ती उद्भवली आहे. कळावे.’ ग्लेझवर बारीक जाळी उमटली असेल तर दुसरा मसुदा तयार असतो: थंड होताना ग्लेझ बॉडीपेक्षा, म्हणजे खालच्या मातीपेक्षा, जास्त आकसू पाहतं, त्या ताणानं त्याची काच चिरते, सबब ग्लेझमध्ये सिलिका वाढवून पाहावी. भाषेला हसा, निदान चुकत नाही. आणि वर्षानुवर्षं दर महिन्याच्या एक तारखेला, पगाराच्या दिवशी, ते एकच सूचना न चुकता टाकतात: सुकलेल्या मातीची जमीन झाडूनं झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा, ती सिलिकाची धूळ फुप्फुसात जाते आणि परत निघत नाही. या एका मेसेजसाठी मी त्यांचे बाकीचे सगळे माफ करतो.

पावसाळा लागला, माती वाळेनाशी झाली, की लोक वाचायला लागतात, आणि अमेरिकन पुस्तकं वाचली की गर्स्टली बोरेट मागायला लागतात. हे कॅलिफोर्नियातल्या खाणीतलं बोरॉनचं खनिज. तिकडच्या जुन्या रेसिप्यांमध्ये ते जागोजाग असतं आणि इकडच्या दुकानात ते कुणी पाहिलेलं नाही. काका सांगतात, त्याऐवजी फ्रिट, म्हणजे वितळवून दळलेली काच, घ्या, हिशोब मी करून देतो. आणि एक्सेलचा तक्ता पाठवतात. न्यू जर्सीच्या ताई एका हिवाळ्यात पुण्याला यायच्या होत्या. त्यांनी उत्साहानं लिहिलं की मी दोन किलो बॅगेत घालून आणते. काकांनी त्यांना खासगीत फोन केला. ‘पांढरी पूड, प्लॅस्टिकच्या पिशवीत, विमानतळावर. ताई, त्यापेक्षा बदाम आणा.’

राखेच्या ग्लेझचं वेड आलं तेव्हा तर ग्रुपवर नुसती राख उडत होती. लाकडाच्या राखेत चुना बराच असतो, त्यामुळे चांगल्या आचेवर ती वितळते आणि भांड्यावरून ओघळते. ते ओघळ फार देखणे दिसतात. जयसिंगपूरच्या एका सभासदानं गुऱ्हाळातून चिपाडाची राख पोतंभर आणली आणि ती कोन दहालाही जागची हलेना, कारण तिच्यात सिलिकाच फार. त्यावर काकांनी आदेश काढला की राखेचं मूळ कळवल्याशिवाय प्रश्न विचारू नये. दुसऱ्याच दिवशी चिपळूणहून एका बाईंचा मेसेज आला: ‘बंबातली राख आहे. मूळ सांगता येत नाही, सासूबाई काय काय जाळतात.’

आता खरी गोम. कुंभारकाम करणाऱ्याचे हात कोपरापर्यंत चिखलात असतात. चिखलाच्या बोटांनी फोन चालत नाही. म्हणजे जो चाकावर बसलाय तो टाइप करत नाही, आणि जो टाइप करतोय तो चाकावर बसलेला नाही. या साध्या कारणानं कुंभारांच्या कुठल्याही ग्रुपवर सगळ्यात जास्त ज्ञान त्या दिवशी काहीही न घडवलेल्या माणसाकडून येतं. आमच्याकडे पाँडिचेरीच्या गोल्डन ब्रिज पॉटरीत शिकून आलेला एक जण आहे. रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ मध्ये उभारलेल्या त्या जागेनं देशातल्या स्टुडिओ पॉटरीला पिढ्या दिल्या, त्यामुळे काकांना त्याच्याबद्दल इतका आदर आहे की त्याला ते ‘सर’ म्हणतात, आणि तो त्यांच्या मुलाहून लहान आहे. कुठल्याही वादात अखेर त्याला साकडं घातलं जातं. दिवसभरानं त्याचं उत्तर येतं: ‘टेस्ट करा.’ दरवेळी तेवढंच. त्यावर लोक पुन्हा दोन दिवस चर्चा करतात. टेस्ट कुणी करत नाही.

मुंढव्याजवळ केशवनगरात कुंभारांची जुनी वस्ती आहे. तिथला एक तरुणही ग्रुपात आहे. त्याचे बापजादे हाच धंदा करत आले. त्याला ग्रुपात आणल्याचा काकांना अभिमान आहे आणि त्याच्याशी काय बोलावं हे कुणालाच कळत नाही. गणपती गेले की तो लिहितो, ‘पणत्या चालू. दिवाळीपर्यंत फोन उचलणार नाही.’ मग संक्रांतीच्या सुगडांच्या वेळी एकदा लिहितो. मध्ये एकदाच त्यानं प्रश्न विचारला होता: नेहमीचा तबेला बंद झाला, मातीत मिसळायला घोड्याची लीद कुठे मिळेल? ग्रुप खडबडून जागा झाला. लीद जळून गेल्यावर बॉडीत सूक्ष्म पोकळ्या राहतात, मडक्यातलं पाणी झिरपून थंड का होतं, हत्तीची लीद चालेल का, यावर रात्रीपर्यंत ऊहापोह झाला. काकांनी तक्ता करायला घेतला. नऊ वाजता तो म्हणाला, ‘मिळाली. थँक्यू सगळ्यांना.’

काकांचं स्वतःचं चाक बाल्कनीत प्लॅस्टिकच्या कापडाखाली आहे. भट्टीत काकूंनी गोधड्या ठेवल्या आहेत. कोरडी जागा, जाड भिंती, झाकण घट्ट. कसर लागत नाही म्हणतात. शेवटची भट्टी केव्हा लावली असं विचारलं की काका म्हणतात, ‘अहो, ग्रुपमुळे वेळच मिळत नाही.’

पण गोधड्यांवरून त्यांना निकालात काढू नये. बाणेरची एक मुलगी आहे. तिनं नोकरी सोडून स्टुडिओ थाटला, कर्ज काढून भट्टी घेतली, आणि एका हॉटेलची ताटांची पहिली मोठी ऑर्डर भाजायला लावली. रात्री दोन वाजता भागातली वीज गेली. भट्टीच्या आत अकराशे अंश. तिनं ग्रुपवर काय लिहिलं ते वाचता येत नव्हतं, नुसती अक्षरं सांडली होती. काकांचा फोन मिनिटाभरात. ‘झाकणाला हात लावला नाहीस ना? नाही ना? मग काही बिघडलेलं नाही. वरचं भोक बंद कर. आत बघायचा मोह होईल, बघायचं नाही.’ गरम भट्टी उघडली की गार वाऱ्याच्या झोतानं ताटं चिरतात; आणि ५७३ अंशांना मातीतलं क्वार्ट्झ आपली ठेवण बदलतं, एकाएकी आक्रसतं, तिथे तर उतरण सावकाशच हवी. वीज आली की पुन्हा हळूहळू चढवता येईल, माती आज भाजली काय आणि उद्या भाजली काय, तिला कळत नाही, असं ते तिला समजावत राहिले. पहाटे वीज आली. ती मुलगी झोपेपर्यंत, म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, काका दर अर्ध्या तासाला काट्यावरचा आकडा विचारत होते आणि वहीत लिहीत होते. ताटं निघाली. एक गेलं. त्या एकाचा अहवाल त्यांनी तिला लेखी दिला. तेव्हापासून नियमांत भर पडली आहे की बुधवारी रात्री भट्टी लावू नये, कारण पुण्यात गुरुवारी वीज केव्हाही दुरुस्तीला जाते.

ग्रुप फुटला तो एअर-ड्राय क्लेवरून. एक बाई हवेवर वाळणाऱ्या मातीतून फ्रिजवर चिकटवायची बारकी पुरणपोळी, बारकी मिसळ, बारकं श्रीखंड करायच्या, फार हुबेहूब. त्यांनी फोटो टाकला. काकांनी विचारलं, कोन किती? बाई म्हणाल्या, भाजायचं नसतंच ते. काकांनी निकाल दिला: माती पाचशे-सहाशे अंशांपलीकडे गेल्यावर तिच्या घडणीतच अडकलेलं पाणी सुटून जातं आणि मग ती पुन्हा चिखल होत नाही, तोवर तिला भांडं म्हणता येणार नाही, श्रीखंड तर नाहीच. बाई बाहेर पडल्या. त्यांच्यामागून बरीच मंडळी पडली. नवा ग्रुप निघाला, तेच नाव, तोच डीपी, आणि दोन्हीकडचे आपलाच ग्रुप मूळ असल्याचं सांगू लागले. महाराष्ट्राला या प्रकाराची आता सवय असल्यामुळे कुणी हळहळलं नाही. चिन्ह कुणाकडे जाणार एवढीच चौकशी झाली. चिन्ह म्हणजे डीपीतलं चाक.

काकांनी जाहीर केलं की त्या ग्रुपशी आपला काही संबंध नाही. त्याच संध्याकाळी ते काकूंच्या नंबरावरून तिथे दाखल झाले. पाळत ठेवायला म्हणून. पण तिथे कुणीतरी विचारलं, माझ्या फुलाच्या पाकळ्या वाळताना का चिरतात? आणि काकांना राहवेना. काकूंच्या नावानं उत्तर गेलं: ‘विषय: तडा. पातळ भाग आधी वाळून आकसतो, जाड भाग मागे राहतो, सबब प्लॅस्टिकखाली झाकून सावकाश वाळवावे. कळावे.’ अख्ख्या ग्रुपनं ओळखलं. कुणी बोललं नाही. ‘काकू, किती छान समजावता!’ असे मेसेज यायला लागले. काका खुलले, मूळ ग्रुपवर कौतुकावर बंदी घालणारेही तेच होते. पुढे त्या ग्रुपच्या बाई मुलाकडे बंगळूरला गेल्या आणि जाताना काकूंना ॲडमिन करून गेल्या.

काकू निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. गवार मोडता मोडता फोनवर ‘आता तुम्ही ॲडमिन आहात’ असं आलं, तेव्हा त्यांनी चष्मा लावून सगळा ग्रुप पहिल्यापासून वाचून काढला. मग फोनचा पिन बदलला. आधीचे सगळे नियम त्यांनी खोडले आणि एकच ठेवला: दर महिन्याला स्वतःच्या हातानं केलेल्या एका वस्तूचा फोटो, नाहीतर नाव कमी.

काका चार दिवस घरात येरझारा घालत होते. पाचव्या दिवशी त्यांनी स्वतःच्या नंबरावरून रीतसर अर्ज केला. काकूंनी तो जेवणाच्या टेबलावर उघडला.

‘अहो, फोटो कुठाय?’

‘अगं, मी आहे!’

‘दिसतंय मला. फोटो कुठाय?’

त्या रात्री बाल्कनीतलं प्लॅस्टिक निघालं. गोधड्या कपाटात गेल्या. कोपऱ्यातलं खुर्ज्याच्या मातीचं पोतं उघडलं तर आत माती अर्धवट वाळून दगड झालेली. साडेदहाच्या सुमारास आमच्या ग्रुपवर काकांचा मेसेज झळकला: ‘विषय: माती. पोत्यातील माती कडक झाली आहे. ती पुन्हा वापरात आणण्याबाबत मार्गदर्शन व्हावे.’

बाणेरच्या मुलीनं लगेच लिहिलं, ‘काका, आत्ता पाणी घालू नका. अर्धी ओली माती भिजत नाही. फोडून पूर्ण खडखडीत वाळू द्या, मग पाण्यात टाका, आपोआप विरघळेल.’ पाँडिचेरीच्या सरांनी लिहिलं, ‘टेस्ट करा.’ केशवनगरचा तरुण दिवाळीच्या गडबडीत असूनही म्हणाला, ‘माझ्याकडची घेऊन जा, मळलेली आहे.’ आणि जयसिंगपूरहून, गुऱ्हाळाच्या राखेपासून मनात धरून बसलेल्या माणसाचा मेसेज आला: ‘कृपया प्रश्न विचारण्यापूर्वी पिन केलेला मेसेज वाचावा. मुद्दा क्रमांक चौदा.’